पाळकाचा पाळक : थकलेल्या पाळकांना सोबत कशी द्यावी

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मातीची मूठ हातात घेऊन उभा असताना, आपण कोणाच्या अंत्यविधीला आलो आहोत, हे मला दोन-तीन क्षण आठवेना. त्या आठवड्यातला तो चौथा अंत्यविधी होता. तोंडाने वचने नीट चालली होती, कारण ती वर्षानुवर्षे पाठ होती, आणि जमलेल्यांपैकी कोणाला काहीही कळले नाही. विधी आटोपल्यावर मृताच्या पत्नीने माझा हात धरून "पाळकसाहेब, किती धीर आला" असे म्हटले, त्या वेळी मी मनात हार्बर लाइनच्या पुढच्या गाडीची वेळ मोजत होतो. त्या अवस्थेतून मला बाहेर काढले ते एका वृद्ध, सेवानिवृत्त पाळकांनी (पास्टरांनी), आणि ते माझ्या पंथाचे नव्हते. आता मीही निवृत्त झालो आहे, आणि मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करणाऱ्या काही पाळकांबरोबर गेली काही वर्षे नियमाने बसतो. "आमचे पाळकसाहेब हल्ली पूर्वीसारखे राहिले नाहीत" असे ज्यांना जाणवते आणि आपण नेमके काय करावे हे ज्यांना सुचत नाही, त्या निवृत्त पाळकांसाठी, मंडळीतील वडीलधाऱ्यांसाठी आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या सभासदांसाठी हे लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. थकलेल्या पाळकाला उपदेश नको असतो, कारण उपदेशाची पोती त्याच्याच घरात रचून ठेवलेली असतात. ज्याच्या हाती आपली बदली, पगार किंवा घर नाही, जो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी येतो आणि जो आपल्या खांद्यावरचे एखादे ओझे खरोखरच उतरवून ठेवण्याची खटपट करतो, असा एक माणूस त्याला हवा असतो.

ओळखावे कसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या थकव्याची, म्हणजे बर्नआउटची, नोंद आजार म्हणून केलेली नसून, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केलेली आहे. तेथे तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने दुरावणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. मंडळीच्या जीवनात ही तीन अंगे कशी दिसतात, हे मात्र वर्गीकरणात सापडत नाही. ते बाकावर बसूनच पाहावे लागते.

शक्ती संपलेला पाळक रविवारी दुपारी जेवणही न करता झोपतो आणि संध्याकाळी उठतो तो सकाळपेक्षा अधिक थकलेला. मनाने दुरावलेला पाळक घरभेटी टाळू लागतो, आजारी माणसाला भेटण्याऐवजी मोबाइलवर प्रार्थनेचा संदेश पाठवतो, आणि पूर्वी ज्या सभासदांविषयी जिव्हाळ्याने बोलत असे त्यांच्याविषयी घरी जेवताना टोचून बोलतो. तिसरे अंग ओळखणे सर्वांत कठीण, कारण काही पाळक अशा वेळी काम कमी करण्याऐवजी वाढवतात. एक नवी प्रार्थनासभा, एक नवे शिबिर आणि आणखी एक उपवासाचा दिवस अंगावर घेतात, आणि मंडळी त्याला आवेश समजून आनंदित होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रविवारचा संदेश, म्हणजे उपासनेतले प्रवचन, चांगला होतो म्हणजे पाळक बरा आहे, असे कोणीही समजू नये. संदेश देणे हे कौशल्य आहे आणि कौशल्य सर्वांत शेवटी ढासळते. माझ्या सर्वांत वाईट वर्षात माझ्या संदेशांची सर्वांत अधिक स्तुती झाली होती.

मुंबईचे पाळक का थकतात

थकवा सगळीकडे असतो; पण मुंबईने त्याला स्वतःचा असा आकार दिला आहे, आणि सोबत करणाऱ्याला तो ठाऊक नसेल तर त्याचे सल्ले हवेत राहतात. भायखळा, गिरगाव, परळ या भागांत ज्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांतील कितीतरी कुटुंबे आता नालासोपारा, विरार, बदलापूर, पनवेल येथे राहायला गेली आहेत. नावे मात्र जुन्याच मंडळीच्या यादीत आहेत, कारण आजोबांचा बाप्तिस्मा तेथे झाला आणि आजीच्या नावाची पाटी तेथील भिंतीवर आहे. ही निष्ठा सुंदर आहे, पण तिचे भाडे पाळक भरतो. विरारच्या एका घरप्रार्थनेसाठी भायखळ्याहून निघालेला पाळक दादरला गाडी बदलतो, संध्याकाळच्या गर्दीत दाराशी उभा राहून जातो, पाऊण तास प्रार्थना करतो, आग्रहाचे जेवण जेवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोहोचतो. असे आठवड्यात दोनदा झाले की संदेशाच्या तयारीची रात्र संपलीच.

त्यातच मंडळी म्हणजे एक कचेरीही असते, ही गोष्ट बाकांवर बसणाऱ्यांच्या फारशी ध्यानात येत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाप्रमाणे लावलेल्या विवाहांची नोंदवही ठेवायची, बाप्तिस्म्याचे दाखले द्यायचे, ट्रस्ट असल्यास धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबांवर लक्ष ठेवायचे, आवाराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या बिल्डरशी बोलायचे, आणि त्यावरून मंडळीत दोन तट पडले की दोघांचेही बोलणे ऐकून घ्यायचे. धर्मशिक्षणाच्या वर्गात यातले फारसे काही शिकवले जात नाही.

आणि घर. पाळकगृह हे नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. मुंबईत तीस वर्षे सेवा केलेल्या पाळकाला निवृत्तीच्या दिवशी या शहरात डोके टेकायला जागा नसते, ही गोष्ट तो पंचेचाळिसाव्या वर्षापासूनच रात्री छताकडे पाहत मोजू लागतो. बदली झाली की मुलांची शाळा मध्येच तुटते आणि पत्नीची नोकरी सुटते. मार्गदर्शनाच्या पुस्तकी चर्चेत आत्मिक कोरडेपणा पहिल्या पानावर असतो. माझ्या अनुभवात घराची चिंता त्याच्याआधी येते.

सोबत कोणी करावी

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचा सासरा इथ्रो त्याला भेटायला रानात येतो. हा अध्याय आपण नेहमी कामाची वाटणी शिकवण्यासाठी वापरतो. पण इथ्रोने ते कोणत्या क्रमाने केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो मोशेची पत्नी आणि दोन मुले यांना बरोबर घेऊन येतो. आधी दोघे एकमेकांचे क्षेमकुशल विचारतात, मग मोशे बोलतो आणि इथ्रो ऐकतो, मग सर्वजण मिळून जेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेभोवती उभे असतात, ते सर्व तो पाहतो. एवढे झाल्यावरच तो म्हणतो की, तू करतोस हे ठीक नाही, अशाने तू आणि हे लोक दोघेही झिजून जाल. आणि शेवटी तो आपल्या देशी निघून जातो. इथ्रो मिद्यानाचा याजक होता. इस्राएलाच्या छावणीत त्याला कोणतेही पद नव्हते आणि त्याला ते नकोही होते.

म्हणून पहिली अट अशी की, सोबत करणारा माणूस पाळकाच्या अधिकार-साखळीबाहेरचा असावा. बिशप, चर्चचे जिल्हा अधीक्षक, पास्टोरेट (मंडळीच्या) कमिटीचे सेक्रेटरी किंवा खजिनदार हे कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्यापुढे पाळक मोकळा होत नाही, आणि होऊही नये. आज जे सांगितले ते उद्या बदलीच्या बैठकीत आठवले जाऊ शकते. मंडळीचा सभासदही शक्यतो नको, कारण पुढच्या रविवारी त्याच्याच हातात प्रभुभोजनाची भाकर ठेवायची असते. दुसऱ्या पंथाचा निवृत्त पाळक हा सर्वांत उत्तम. त्याला कामाच्या खाचाखोचा ठाऊक असतात, पण या कमिटीतले कोण कोणाचे मेहुणे आहेत हे ठाऊक नसते, आणि त्याचे हे अज्ञान मोठ्या उपयोगाचे ठरते. पाळक स्त्री असेल तर सोबत करणारीही शक्यतो स्त्रीच असावी. आपल्याकडे अशा निवृत्त स्त्री-पाळक थोड्या असल्याने एखाद्या अनुभवी शिक्षिकेला किंवा परिचारिकेला विनंती करण्यास हरकत नाही.

कमिटीने काय करावे? असा माणूस शोधण्यास मदत करावी, त्याचा प्रवासखर्च द्यावा, आणि भेटीत काय बोलणे झाले हे कधीही विचारू नये.

पहिली भेट

पहिली भेट पाळकगृहात ठेवू नये आणि मंडळीच्या कचेरीत तर मुळीच नको, कारण दोन्ही ठिकाणी दर दहा मिनिटांनी दार वाजते. मी माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनचा बाक किंवा एखादे जुने इराणी हॉटेल पसंत करतो. सोमवार बरा, कारण रविवारचा शीण अंगात असतो आणि सोंग आणण्याची ताकद नसते. मोबाइल दोघांनीही बंद करावेत. पाळक म्हणतो, "कोणी अत्यवस्थ असले तर?" त्यासाठी कमिटीतल्या एकाचा नंबर त्या दोन तासांपुरता मंडळीला द्यावा, आणि ही व्यवस्था भेटीच्या आधीच झालेली असावी. मुद्दाम सांगतो, कारण ही एवढीशी व्यवस्था न केल्यामुळे माझ्या कितीतरी भेटी अर्ध्यावर मोडल्या आहेत.

"कसे आहात, पाळकसाहेब?" असे विचारू नका. त्याचे उत्तर "प्रभूची कृपा" असे असते, आणि त्यापुढे संभाषण सरकत नाही. "काल रात्री किती वाजता झोपलात?" असे विचारा. "शेवटचा पूर्ण सुटीचा दिवस कोणता होता?" असे विचारा. एका पाळकांनी या प्रश्नावर बराच विचार करून मला सांगितले, "मलेरिया झाला होता तेव्हा." ते हसले, मीही हसलो, आणि मग ते रडू लागले. अशा वेळी खिशातून नवा करार काढू नये. बसून राहावे, आणि चहा गार झाला असेल तर दुसरा मागवावा.

काही वाक्ये तोंडातून येऊच द्यायची नाहीत. "आमच्या काळी तर आम्ही सायकलवर फिरत होतो" हे एक. आम्हा निवृत्तांच्या जिभेवर ते सदैव तयार असते. "पाचारण (सेवेसाठी देवाचे बोलावणे) असेल तर शक्तीही मिळते" हे दुसरे, कारण त्याचा अर्थ समोरचा असा घेतो की, शक्ती संपली म्हणजे पाचारणच खोटे होते. आणि नेमक्या याच शंकेने तो रात्री जागा असतो. प्रार्थना जरूर करावी, पण शेवटी, थोडक्यात, आणि सोबत करणाऱ्याने करावी. पाळकाला "तुम्हीच प्रार्थना करा" असे सांगू नये. दर दिवशी दहा ठिकाणी तो दुसऱ्यांसाठी तोंड उघडतो. एकदा तरी कोणीतरी त्याचे नाव घेऊन देवापुढे बोलताना त्याने डोळे मिटून नुसते ऐकावे.

गुप्ततेचा करार पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत करावा : येथे बोललेले येथेच राहील. त्याला असलेले अपवादही त्याच वेळी सांगावेत. पाळकाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हा एक. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हा दुसरा. थकवा हे गैरवर्तनाचे कारण म्हणून पुढे केले जाऊ शकते, आणि सोबत करणाऱ्याने त्या आडोशाला उभे राहू नये.

आठवड्याची वही

दुसऱ्या भेटीपर्यंत पाळकाने एकच काम करायचे : शंभर पानी वहीत सात दिवस, तासातासाने, आपण काय केले ते लिहायचे. विचार लिहायचे नाहीत, भावना लिहायच्या नाहीत, फक्त काम आणि वेळ. अनेकांना हे पोरकट वाटते. तरीही माझ्याजवळ असलेल्या साधनांत याहून धारदार दुसरे नाही.

एका पाळकांच्या वहीतले एक पान, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही असे करून, येथे देतो. मंगळवार. पहाटे पाच वाजता परगावच्या सभासदाचा फोन, मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना. साडेसहाला आवारातील पाण्याचा पंप बंद, प्लंबरला तीन फोन. नऊला बाप्तिस्म्याचा दाखला, स्पेलिंग चुकल्यामुळे दुसऱ्यांदा. दहा ते एक, केईएम रुग्णालयात भेट. त्यातील दीड तास लिफ्टच्या रांगेत आणि वॉर्ड शोधण्यात. दोन वाजता जेवण, उभ्याने. अडीच ते साडेचार, विजेच्या बिलाच्या तक्रारीसाठी कचेरी. पाच वाजता विवाहपूर्व समुपदेशन, वर आलाच नाही. सहा ते साडेनऊ, कमिटीची सभा. विषय, नाताळच्या मांडवाचे कंत्राट. दहाला पत्नीशी भांडण. साडेदहा ते बारा, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील वादात मध्यस्थी.

या पानासमोर आम्ही दोघे लाल आणि निळी पेन्सिल घेऊन बसलो. अभिषिक्त, म्हणजे विधिपूर्वक नेमलेल्या, पाळकानेच करायला हवे अशा कामांखाली लाल रेघ, दुसरा कोणीही करू शकेल अशा कामांखाली निळी. त्या दिवसात लाल रेघ फक्त दोन ठिकाणी आली : रुग्णालयातील रोग्याजवळचा अर्धा तास आणि न झालेले समुपदेशन. पाळकसाहेब पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पंपासाठी अभिषिक्त झालो." मी त्यांना काही समजावायला गेलो नाही, कारण पानावर जे होते ते बोलण्यापेक्षा स्पष्ट होते.

निळ्या रेघांची यादी वेगळी काढावी आणि प्रत्येक कामापुढे मंडळीतल्या एका माणसाचे नाव लिहावे. येथे पाळकाचा स्वतःचा अडथळा पुढे येतो, आणि तो कमिटीच्या अडथळ्याहून चिवट असतो. पंप बघायला निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, दाखले लिहायला बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, रुग्णालयाची पहिली भेट महिला मंडळ आनंदाने घेईल. पण "ते नीट करणार नाहीत" किंवा "लोकांना पाळकच लागतो" असे पाळक म्हणतो. दुसरे म्हणणे खरे आहे. लोकांना पाळकच लागतो, कारण त्यांना तशी सवय आपणच लावली. ती सवय मोडायला वर्ष लागते आणि त्या वर्षात दोन-चार कुटुंबे रुसतात. हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पहिले कुटुंब रुसले की पाळक यादी फाडून टाकत नाही.

कमिटीशी बोलणे

पाळकाने स्वतःसाठी रजा मागायची हे त्याला फार जड जाते, आणि मागितलीच तर तो ती इतकी संकोचाने मागतो की कोणालाही नाही म्हणणे सोपे व्हावे. म्हणून त्याच्या परवानगीने सोबत करणाऱ्याने कमिटीला भेटावे. मनःस्थितीविषयी एक शब्दही न बोलता वहीतल्या तासांविषयी बोलावे. कमिटीत गिरणीत, बँकेत, महापालिकेत आयुष्य घालवलेली माणसे असतात. साप्ताहिक सुटी, बदली माणूस आणि पाळी या गोष्टी त्यांना कोणीही शिकवाव्या लागत नाहीत. पाळकालाही त्या लागू होतात, एवढेच त्यांना सुचलेले नसते. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुटी आणि त्या दिवशी फोन कोण घेईल त्याचे नाव सूचनाफलकावर. महिन्यातून एका रविवारी संदेश दुसऱ्या कोणी द्यावा. दूरच्या उपनगरांतील घरप्रार्थना भागाभागाने एकत्र, महिन्यातून एकदाच. एवढे तीन ठराव पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले.

वार्षिक रजेची वेळ विचारपूर्वक ठरवावी. नाताळच्या आधीच्या रात्रीच्या कॅरल-फेऱ्या, एकतीस डिसेंबरची वॉचनाइट उपासना, त्यानंतर काही आठवड्यांनी येणारा उपवासकाळ, उत्तम शुक्रवारी क्रूसावरील सात उद्गारांवर चालणारी तीन तासांची उपासना आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची पुनरुत्थानाची सभा, असा हा हंगाम असतो. त्यानंतरचे दोन आठवडे पाळकाचे असावेत, मे महिन्यातल्या लग्नांची धांदल सुरू होण्यापूर्वीचे. रजा मुंबईबाहेर घ्यावी. येथे राहिला तर मंडळीला तो सापडतोच. मात्र गावी पाठवताना जपून. नगर किंवा जालना जिल्ह्यातील आपल्या गावी गेलेला पाळक दुसऱ्याच दिवशी तेथील व्यासपीठावर चढलाच म्हणून समजा. सासुरवाडी त्या मानाने सुरक्षित असते. पाचगणी किंवा माथेरानला चार दिवस जाण्याचा खर्च मंडळीने उचलला तर अधिकच चांगले, आणि तो खर्च धर्मादाय म्हणून नव्हे तर देखभाल म्हणून हिशेबात लिहावा. छपराला दर पावसाळ्याआधी डांबर लावतोच ना आपण?

पैशांविषयी सोबत करणाऱ्याने सरळ विचारावे. कर्ज आहे का, किती, कोणाचे? संकोच करू नये. उसने मात्र कधीही देऊ नये. त्या क्षणी सोबती संपतो आणि सावकार सुरू होतो. एखादा जाणता माणूस गाठून भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा आणि गावाकडे किंवा कर्जत-नेरळकडे एखाद्या छोट्या घराची शक्यता यांवर एक संध्याकाळ घालवली, तर कित्येक संदेशांनी न झालेले काम होते.

घरातली माणसे

पाळकाच्या पत्नीची नेमणूक कोणीही केलेली नसते, तिला वेतन नसते, तरी संडे स्कूल, महिला मंडळ, पाहुण्यांचा चहा आणि गायनाचा सराव ही तिचीच कामे मानली जातात. पतीचा थकवा ती सर्वांआधी ओळखते आणि तिला विचारतो मात्र कोणीच नाही. सोबत करणारा पुरुष असेल तर त्याने तिच्यासाठी वेगळी सोबतीण शोधावी. पतीला मदत करण्याचे साधन म्हणून नव्हे, तिच्या स्वतःसाठी. मुलांवरही "पाळकाची मुले" म्हणून डोळे असतात. इथ्रो एकटा आला नव्हता, हे विसरू नये.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

थकवा विश्रांतीने हळूहळू उतरतो. दोन आठवड्यांची खरी विश्रांती मिळूनही झोप येत नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, कशातच आनंद वाटत नसेल, अपराधीपणा मनातून हटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार सुरू झाला असेल तर दोन आठवडेही थांबू नये. "प्रभूने आता मला न्यावे" हे वाक्य आपल्या भाषेत भक्तीचे म्हणून सहज खपून जाते, थकलेल्या पाळकाच्या तोंडी ते आले की थांबावे आणि सरळ विचारावे, "स्वतःचा जीव घेण्याचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला विचार बाहेर येण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ओळखीचे कोणी बाहेरच्या रांगेत दिसेल ही पाळकाची भीती खोटी नसते, कारण रुग्णालयांतून त्याला पुष्कळ लोक ओळखतात. म्हणून मंडळीपासून दूरचे रुग्णालय निवडावे आणि सोबत जावे. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडला, असे मंडळीत कोणी म्हटले तर त्या व्यक्तीच्या मधुमेहाच्या गोळ्यांची तिला आठवण करून द्यावी. हे मी प्रत्यक्ष केले आहे.

गट, आणि सोबतीचा शेवट

वेगवेगळ्या पंथांचे चार-पाच पाळक महिन्यातून एका सोमवारी एकत्र जेवले तरी पुष्कळ काम होते. नियम दोनच असावेत : आपल्या मंडळीच्या सभासदसंख्येविषयी बोलायचे नाही, आणि दुसऱ्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. पहिला नियम पाळणे अधिक कठीण जाते.

सोबत करणाऱ्याने एका वेळी दोघांहून अधिक पाळकांची जबाबदारी घेऊ नये, आणि स्वतःही कोणाकडे तरी जाऊन बसावे. पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आणि साधारण वर्षाने थांबावे. थांबणे आधीच ठरवलेले असावे, नाही तर भेट हीच आणखी एक निळी रेघ होऊन बसते.

ज्यांच्या वहीचे पान वर दिले आहे, त्या पाळकांची आणि माझी भेट अकराव्या महिन्यापर्यंत चालली. एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आज येता येणार नाही म्हणाले. धाकटी मुलगी राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे म्हणून वर्षभर मागे लागली होती, तिला घेऊन निघालो आहे. मागून मुलीचा आवाज येत होता, "पप्पा, फोन ठेवा ना आता." त्यांनी फोन ठेवला. पुढच्या सोमवारचे आम्ही काही ठरवले नाही.